ओग्दोताई फक्त आकडा सांगते

ओग्दोताईला विचारलं, "आज पाणी किती?" तर ती सेंटिमीटरपर्यंत सांगायची. "उद्या किती होईल?" असं विचारलं की तोंडाला कुलूप. मग तुम्ही तिच्यापुढे डोकं आपटा, ताजी साय घेऊन जा, नाहीतर तिच्या नवऱ्याला मध्ये घाला. फार तर म्हणायची, "उद्याचं उद्या फळ्यावर लिहीन." चौतीस वर्षं ती आमच्या आरी-कितिल गावाच्या काठावर नदीचं पाणी मोजत होती आणि चौतीस वर्षांत पुढचं असं एक अक्षर तिच्या तोंडून गेलं नव्हतं. गावातल्या कुणालाही विचारा, छातीवर हात ठेवून सांगेल.

ह्याची कारणं दोन. एक म्हणजे तिची नोकरी. जिल्ह्याच्या कचेरीने तिला नेमलं ते मोजायला. अंदाज करायला कचेरीत शिकलेली माणसं बसलेली आहेत, आणि ज्याचं काम त्याने करावं ह्या मताची ओग्दोताई होती. दुसरं कारण ह्याहून मोठं. आमच्या नदीला आम्ही नावाने हाक मारत नाही. एबे म्हणतो, म्हणजे आजी. आणि एबे पुढे काय करील ते तिच्या कानावर पडेल असं बोलायचं नाही, हे आमच्याकडे पोरं चालायला लागायच्या आत शिकतात. पूर येणार असं म्हटलं की तुम्ही त्याला आवतणच दिलंत. त्यामुळे मे महिन्यात बर्फ फुटायची वेळ झाली की सगळं गाव आडून आडून वागतं. गुरं 'जरा हवा खायला' टेकडीवर नेतात. कागदपत्रांची पिशवी 'सहज' गळ्यात अडकवतात. होडी 'उगीच' दाराच्या खांबाला बांधतात, आणि वीज 'बिल वाचवायला' बंद करतात. ठाऊक सगळ्यांना सगळं असतं, फक्त बोलायचं नसतं.

सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. काठावर वरपासून खालपर्यंत रोवलेले लाकडी खांब, त्यांना नंबर, आणि ओग्दोताईच्या हातात आकडे कोरलेली काठी. पाण्याखालच्या खांबाच्या डोक्यावर काठी टेकवायची, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, कचेरीला फोन करायचा आणि येताना दुकानासमोरच्या फळ्यावर खडूने मोठा काढायचा. उणे पन्नास थंडीत बर्फाला भोक पाडून हेच. तिचा नवरा मेखेले ट्रॅक्टर चालवायचा आणि बोलायला बसला की ट्रॅक्टरपेक्षा जास्त आवाज करायचा. तो सांगे, "लग्नाच्या दिवशी मी सही केली आणि मान वर केली तर नवरी गायब. आठ वाजले होते ना. मला काय माहीत, मी सवतीवर नांदायला आलोय ते." हे तो तिच्यादेखत सांगे आणि ती म्हणे, "त्या दिवशी दोनशे एकेचाळीस होतं."

अशा बाईचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. चूक धरायला गेलेले दोन-तीन शहाणे स्वतःच काठी घेऊन खांबाशी वाकून आले आणि गप्प बसले. आमच्या गावात लोक सरपंचाशी भांडतात, डॉक्टरशी हुज्जत घालतात, पण फळ्याशी कुणी वाद घालत नाही.

त्या वर्षी बर्फ सतरा मेला हललं. दोन दिवस आधीच सरपंच आइसेनने सगळ्यांना टेकडीवरच्या शाळेत जायला लावलं होतं. आइसेन पस्तिशीचा, अंगाने बारीक, सगळ्यांशी अदबीने बोलणारा, त्यामुळे त्याचं कुणी फारसं ऐकत नसे. पण ह्या बाबतीत ऐकलं. गाई वर गेल्या, म्हातारे गेले, कुत्री आपली आपण गेली, आणि घराघरातली टोमॅटोची रोपं गेली. मार्चपासून खिडकीत दुधाच्या रिकाम्या खोक्यांतून वाढवलेली ती रोपं आमच्या बायकांना पोटच्या पोरांसारखी. शाळेचा एक अख्खा वर्ग रोपांनी भरला आणि माणसं व्हरांड्यात झोपली.

एक दिवस आणि एक रात्र एबे बर्फ घेऊन गेली. घराएवढे तुकडे एकमेकांवर चढत, कण्हत, पुढे जात होते. पाणी वाढलं, अंगणांच्या कुंपणापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. अठरा तारखेला सकाळी उठून बघतात तो पाणी उतरलेलं. जीव भांड्यात पडला. सुकुले म्हातारीने तर अंथरुणातूनच हात जोडले.

ही सुकुले म्हातारी चौऱ्याऐंशीची. तिचं घर गावात सगळ्यात खालचं, काठाला लागून, कारण तिच्या मते एबेशी शेजार राखायचा तर दार समोरासमोर हवं. बर्फ नीट गेलं की एबेला जेवू घालायचा मान तिचा. काठावर जाळ करायचा, त्यात लोण्यात तळलेली अलाजी, म्हणजे आमच्या छोट्या जाड पोळ्या, द्यायची, घोड्याच्या शेपटीचे केस द्यायचे, आशीर्वाद म्हणायचे. ते झालं की वर्षाचं संकट गेलं आणि मग घरोघर चुली पेटायच्या. अभद्र बोलणाऱ्याला सुकुले कशी झापते हे सगळ्या गावाने कधी ना कधी अनुभवलं होतं. एकदा जिल्ह्याहून आलेल्या पाहुण्याने 'यंदा पाणी जास्त दिसतंय' म्हटलं, तर तिने त्याच्या पुढची चहाची वाटी उचलून नेली होती.

तर अठराच्या सकाळी आठला ओग्दोताई काठावर उभी होती आणि तिला काठीवरचा आकडा खरा वाटेना. बर्फाच्या दिवसांत ती पहाटे चारलाही मोजायची, आणि त्या चार तासांत साठ सेंटिमीटर उतरलं होतं. तिने पुन्हा वाकून वाचलं. साठच. मग तिने मान वर करून नदीकडे पाहिलं. नदी मोकळी होती. इकडे एक तुकडा, तिकडे एक तुकडा. वरच्या अंगाला शेकडो मैलांचं बर्फ अजून यायचं होतं, ते कुठे होतं?

तिला हे काम शिकवलं ते म्हाताऱ्या निकिफोरने. तो एकदा ऐन जानेवारीत, एबे बर्फाखाली झोपलेली असताना, दार लावून, आवाज खाली करून तिला म्हणाला होता की बर्फ जाताना पाणी वाढलं तर भी, पण उतरलं तर जास्त भी. खाली उतरतंय म्हणजे वर कुठेतरी अडलंय. बेटांच्या वळणावर बर्फाची भिंत उभी राहते, पाणी तिच्यामागे साचत जातं, आणि मग भिंत सुटते. एवढं बोलून त्याने विषय बदलला होता. ओग्दोताईने ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी कसं?

तिने नेहमीचं ते केलं. वहीत लिहिलं. टेकडीवर चढून कचेरीला फोन केला. तिथल्या कुनेई नावाच्या मुलीने आकडा लिहून घेतला आणि म्हणाली की इंजिनिअर साहेब हेलिकॉप्टरने खालच्या गावांकडे गेलेत, आले की सांगते. उतरतंय म्हणजे छानच की. ओग्दोताईने वरच्या गावातल्या मोजणाऱ्याला फोन लावला. ते गाव रिकामं केलेलं होतं, वीज तोडलेली, फोन लागला नाही. मग ती फळ्यापाशी गेली. फळा ह्या दिवसांत शाळेच्या दाराशी आणून ठेवला होता. तिने खडूने लिहिलं: साठ उतरलं.

ही तिची चूक. चूक कसली म्हणा, आकडा तर बरोबर होता. पण लोकांनी फळा पाहिला आणि वळकट्या बांधायला घेतल्या. आइसेन तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, सोडू का लोकांना? हुकूम अजून उठवलेला नाही मी."

ओग्दोताईने फळ्याकडे पाहिलं. म्हणाली, "आकडा बरोबर आहे."

आइसेनला एवढं पुरलं. त्याला काय, कुणालाही पुरलं असतं. तासाभरात अर्धं गाव गुरांसकट उताराला लागलं. पुढे मेखेलेचा ट्रॅक्टर, मागच्या गाडीत बायका, बायकांच्या मांडीवर रोपं, आणि सगळ्यांच्या मध्ये खुर्चीवर सुकुले म्हातारी, हातात अलाजीचं पातेलं. मेखेलेने जाताना बायकोला हाक मारली की चूल पेटवून ठेवतो, तू तुझ्या सवतीचं आवर आणि ये.

ती गाडी वळणामागे गेली तेव्हा ओग्दोताईला कळलं की ह्या माणसांना खाली नेतंय ते तिचंच अक्षर. कुणी दारू पिऊन उतरलं नव्हतं, कुणी हट्टाने उतरलं नव्हतं. चौतीस वर्षं तिने खोटं लिहिलं नाही म्हणून उतरले होते सगळे. ती वेळ नसताना, काठी घेऊन, धावत खाली सुटली. साठीला आलेली बाई, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, त्या चिखलात धावताना कशी दिसत असेल ते सोडा. गावाने तिला त्याआधी धावताना पाहिलंच नव्हतं.

काठावर काल पाण्यात बुडालेले तीन खांब उघडे पडले होते. आणखी एकशे दहा उतरलं होतं. चिखलात एक मासा तडफडत होता, त्याला पाण्याबरोबर मागे जायला फुरसत मिळाली नव्हती. एवढ्या घाईने एबे कधी मागे हटत नाही.

पन्नास पावलांवर बायकांनी जाळ पेटवला होता. सुकुले खुर्चीवरून उठून, डोक्याचा रुमाल नीट करून, पहिली अलाजी हातात घेत होती. ओग्दोताई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, धापा टाकत.

"सुकुलेआजी, वर चला. सगळ्यांनीच वर चला."

"का गं? आठ वाजून गेले तरी तू इथे?" म्हातारीने थट्टा केली. बायका हसल्या.

"पाणी येणार आहे."

हसू जिथल्या तिथे थांबलं. एकीने कानांवर हात ठेवले. एबे तिथे वीस पावलांवर वाहत होती, सगळं ऐकू जाईल इतक्या जवळ.

सुकुलेचा चेहरा दगड झाला. "तोंड धू जाऊन. कुणासमोर उभी राहून बोलतेस कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग?"

"मग काय, आजी? बेटांपाशी अडलंय. उतरतंय म्हणून तुम्ही खूश आहात, पण ते संपलेलं नाही, साचतंय. सुटलं की एकदम येईल. बर्फासकट येईल." ओग्दोताईने काठीने खांबांकडे दाखवलं. "फळा मी लिहिला, पण अर्धाच लिहिला. मला बोलायची भीती वाटली."

"किती येईल?"

"ते माहीत नाही."

"कधी?"

"तेही माहीत नाही. पण येईल. तुमच्या घरात येईल, आजी."

आता ह्यावर काय होईल ते सांगता येत नव्हतं. सुकुलेने तिला अलाजीचं पातेलं फेकून मारलं असतं तरी बायकांना नवल वाटलं नसतं. म्हातारीने आधी ओग्दोताईकडे पाहिलं, मग त्या उघड्या पडलेल्या खांबांकडे, मग पाण्याकडे. शेवटी तिने पातेलं उचललं आणि सगळी अलाजी एकदमच जाळात ओतली. आशीर्वाद नाही, केस नाहीत, काही नाही. नदीकडे वळून म्हणाली, "घाईत आहोत, रागावू नकोस." आणि बायकांकडे वळून, "बघत काय बसल्यात? ही बया चौतीस वर्षांत बोलली नाही. माझ्या नवऱ्याच्या मयताला आली तेव्हाही बोलली नाही. आज बोलली, तेही एबेसमोर. चला उठा, मला आधी चढवा."

तिथून पुढे जे झालं ते गडबडीने झालं, पण नीट झालं. मेखेलेने एका शब्दाने थट्टा केली नाही. ट्रॅक्टर वळवला, म्हातारीला चढवलं आणि भोंगा दाबून धरून गल्लीतून निघाला. आइसेनने वर शाळेची घंटा वाजवायला लावली आणि स्वतः दारोदार पळाला. कुणी विचारलं की काय झालं, तर तो एवढंच सांगे, "ओग्दोताई म्हणतेय, येणार." बस्स. ऐकून लोकांनी रचून ठेवलेल्या चुली तशाच टाकल्या, गोठ्यात बांधलेली गुरं सोडली, अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले. रोपं राहिली. एक बाई रोपांसाठी परत घरात शिरली, तिला मेखेलेने कमरेला धरून उचललं आणि गाडीत टाकलं. ती अजून त्याच्याशी बोलत नाही.

ओग्दोताई सगळ्यांच्या मागे होती. गल्लीतलं प्रत्येक दार ढकलून, आत हाक मारून, मगच पुढे जात होती. शेवटच्या घरातून एक म्हातारा आणि त्याचं रेडिओचं खोकं बाहेर काढलं तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता.

वर पोचून पाऊण तासही झाला नसेल. आधी आवाज आला. मग बेटांच्या बाजूला नदीवर एक पांढरी रेघ दिसली, आणि ती रेघ पुढे आली. तिचं वर्णन करायची मला हौस नाही. अर्ध्या तासात आमची खालची गल्ली नव्हती. छपरं होती, आणि छपरांमधून बर्फ चालत होतं. सुकुलेचं घर पायापासून उठलं, जरा गोल फिरलं, जसं काही मागे वळून बघतंय, आणि धुराड्यासकट निघून गेलं. म्हातारी व्हरांड्यात खुर्चीवर बसून ते बघत होती. रडली नाही. ते अगदी दिसेनासं होईपर्यंत मान लांब करून बघत राहिली.

लोकांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आणि थोड्या वेळाने, ते पाणी तोंडात परत आल्यावर, कुजबुज सुरू झाली. माणसाची जात आहे, व्हायचीच. बोलली म्हणून आलं, असं कुणीतरी म्हणालं. कुणी म्हणालं की निदान काठावर बोलायला नको होतं. हे म्हणणारे सगळे तिने बोललेलं ऐकूनच वर आलेले होते. मला त्या वेळी दोघा-तिघांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली होती, आजही वाटते.

पण सगळ्यात जास्त ते ओग्दोताईलाच खरं वाटत होतं. ती शाळेच्या मागे लाकडांच्या ढिगावर बसली होती, काठी मांडीवर. मेखेले शेजारी बसून तिच्या बुटांवरचा चिखल काढत होता. सुकुले म्हातारी भिंत धरत धरत तिथे आली. मेखेलेला हाताने बाजूला सारून त्याच्या जागेवर बसली.

"आजी, तुमचं घर," ओग्दोताई म्हणाली.

"गेलं."

"मी बोलले नसते तर..."

"तर मी घरात असते." म्हातारीने नाक पुसलं. "अगं, एबेला काय तुझ्या सांगण्याची वाट बघायची होती? ती बेटांपाशी पहाटेपासून साचत होती, तू बोललीस अकरा वाजता. एवढा हिशेब मलाही येतो. अभद्र बोलू नये हे मीच सांगते सगळ्यांना, आणि सांगत राहीन. पण माणसं खाली असताना गप्प बसणं, त्याच्याइतकं अभद्र दुसरं नाही. आता उठ. बघ तरी किती वाजले."

आठ वाजायला आले होते. उन्ह अजून शाळेच्या छपरावर होतं. ओग्दोताई सवयीने उठली, काठी घेतली, टेकडीच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली. मोजायला काही नव्हतं. एकही खांब दिसत नव्हता, असलाच तर बर्फाने मोडला असणार. ती तशीच उभी राहिली. मग मागे फिरली आणि शाळेत शिरली.

तिने माणसं मोजायला घेतली. आइसेनची यादी हातात होती, तरी तिने यादीवर भरवसा ठेवला नाही. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत गेली. निजलेल्यांना हात लावला, दूध पिणाऱ्या पोरांना लावला, कुजबुजणाऱ्यांनाही लावला, आणि त्यांनी माना खाली घातल्या. मेखेलेच्या खांद्यावर हात जरा जास्त वेळ राहिला. शेवटी स्वतःलाही मोजलं आणि यादीशी ताडून पाहिलं.

मग तिने कचेरीला फोन लावला. कुनेईचा आवाज रडवेला झाला होता. इंजिनिअर साहेबांनी वरून बेटांपाशी फुटलेली भिंत पाहिली होती, दुपारपासून आरी-कितिलला फोन लागत नव्हता, आणि कचेरीत सगळे वाईटाला तयार होऊन बसले होते.

"ओग्दोताई? तुम्ही आहात? पातळी किती?"

"पातळी घेता आली नाही. खांब गेले. खालची गल्ली गेली," ओग्दोताई म्हणाली. "माणसं दोनशे बारा. सगळी वर आहेत. ते लिहून घे."

पलीकडे पेनाची खरखर ऐकू आली. मग मुलीने नाक ओढलं आणि विचारलं, "लिहिलं. आणि ताई, आता पुढे काय होईल?"

व्हरांड्यातल्यांनी कान टवकारले. सुकुलेनेही मान वळवली. खाली एबे वाहत होती आणि ऐकत होती.

"उतरेल," ओग्दोताई म्हणाली. "उद्या संध्याकाळपर्यंत बरंच उतरेल. पण ह्या वेळी फळा बघून कुणी जायचं नाही. मी बोलेन, मग जायचं."